बीपीचा आकडा दर वेळी वेगळा का येतो?

बीपीचं मशीन घेऊन गेलेले ग्राहक बरेचदा काळजीत परत येतात: आत्ता १३८ दाखवलं, पाच मिनिटांनी १२६, म्हणजे मशीन बिघडलं का? मशीन आम्ही कधीही तपासून देऊ. पण बहुतेक वेळा त्यात दोष नसतो. रक्तदाब मुळातच एका जागी थांबत नाही, शरीर तो सतत कमी-जास्त करत असतं.

तुम्ही बसलेले असता आणि उठून उभे राहता. तेवढ्यात साधारण अर्धा लिटर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं आणि दाब घसरू लागतो. मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत हा बदल टिपणारी मज्जातंतूंची टोकं असतात. त्यांच्याकडून मेंदूला खबर जाते, काही सेकंदांत ठोके वाढतात आणि बारीक धमन्या आवळल्या जातात. उतारवयात, अंगातलं पाणी कमी झाल्यावर किंवा काही औषधांमुळे ही यंत्रणा मंदावते, मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत थक्क करतात त्या बारीक धमन्या. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. अशा नळीचा व्यास निम्मा झाला, तर रक्ताला होणारा विरोध १६ पट वाढतो! म्हणून त्या जराशा आवळल्या तरी बराच फरक पडतो. जिना चढताना मांड्यांतल्या धमन्या मोकळ्या होतात, पोटाकडच्या आवळतात आणि रक्त गरजेच्या जागी वळतं.

किडनीचं काम संथ, तासा-दिवसांचं. मीठ आणि पाणी किती ठेवायचं, किती बाहेर टाकायचं हे ती ठरवते. डॉक्टर लोणचं-पापड कमी करायला सांगतात ते यासाठीच.

आता मोजण्याबद्दल. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर ठेवा, मोजताना बोलू नका. दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला हवा; हात त्याखाली १० सेंटीमीटर लोंबला तरी आकडा ७-८ ने जास्त येतो. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा आठवडाभराची वही जास्त उपयोगी पडते.

पट्टा दंडाला लहान पडला तर बीपी खोटंच जास्त दिसतं. दंड जाड असेल तर दुकानात या, घेर मोजून योग्य मापाचा पट्टा देऊ. ठोके अनियमित असतील तर घरच्या मशीनवर विसंबू नका, डॉक्टरांकडूनच मोजून घ्या.