असमानता (बीजगणित)

दोन राशींपैकी एक दुसरीपेक्षा लहान आहे, मोठी आहे, किंवा फार तर तिच्याएवढी आहे, असे चिन्हांत सांगणारे विधान म्हणजे असमानता. क्ष + ३ = ७ या समीकरणाची उकल एकच, ती म्हणजे ४. क्ष + ३ < ७ या असमानतेला मात्र ३, ०, −२, ३.९९ अशा अनंत उकली आहेत. त्या सगळ्या लिहून संपणार नाहीत, म्हणून त्यांचे चित्र काढावे लागते.

कल्पना जुनी आहे, चिन्हे त्या मानाने नवी. आर्किमिडीजने π ची किंमत ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्या दरम्यान असल्याचे दाखवले, ते कोणत्याही चिन्हाविना. < आणि > ही चिन्हे छापील रूपात आली १६३१ मध्ये, टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी निघाला. ‘लहान किंवा समान’ यासाठी चिन्हाखाली दोन आडव्या रेघा देण्याची पद्धत फ्रान्सच्या प्येर बूगे याने १७३४ मध्ये वापरली. आज ≤ आणि ≥ मध्ये एकच रेघ असते.

शब्दांतली अट चिन्हांत उतरवणे हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग. इथे मराठीचे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मोठी मदत करतात, पण त्यांच्याकडे लक्ष हवे. ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ ही केवळ एक राशी आहे, क्ष − ५. ‘५ हे क्षपेक्षा कमी आहे’ हे पूर्ण विधान आहे, ५ < क्ष. फरक सगळा त्या ‘ने’मध्ये आहे. दुसरा नेहमीचा घोटाळा ‘किमान’ या शब्दाचा. किमान म्हणजे सर्वांत लहान, म्हणून मुले हटकून < लिहितात. पण ‘किमान ३५ गुण हवेत’ याचा अर्थ ३५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे ग ≥ ३५. ‘निदान’ आणि ‘कमीत कमी’ याच घरातले. ‘कमाल’ आणि ‘जास्तीत जास्त’ यांना ≤ लागते. ‘पेक्षा कमी नसावे’ हे ऐकायला नकारार्थी वाटते, तरी ते सरळ ≥ आहे. भारताच्या राज्यघटनेच्या ३२६व्या अनुच्छेदातली मतदाराच्या वयाची अट अशीच आहे: वय १८ वर्षांपेक्षा कमी नसावे, म्हणजे व ≥ १८.

संख्यारेषेवर ही अट दाखवताना १८ वर भरीव ठिपका काढतात आणि तिथून उजवीकडे बाण नेतात. १९८९ पर्यंत तो ठिपका २१ वर होता. ६१व्या घटनादुरुस्तीने तो १८ वर आणला. सीमेवरची संख्या उकलीत नसेल, तर भरीव ठिपक्याऐवजी पोकळ वर्तुळ काढतात. रेल्वेत ५ वर्षे पूर्ण झालेल्या, पण १२ पूर्ण न झालेल्या मुलाला स्वतंत्र बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे पडते: ५ ≤ व < १२. याचा आलेख म्हणजे ५ वर भरीव ठिपका, १२ वर पोकळ वर्तुळ आणि मधला रेषाखंड ठळक. बाराव्या वाढदिवसाच्या सकाळी पूर्ण तिकीट का लागते, ते त्या पोकळ वर्तुळात दिसते.

असमानता सोडवण्याची रीत समीकरणासारखीच आहे, एक नियम सोडून. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले किंवा भागले, की चिन्ह उलटते. ३ < ५ खरे आहे, पण −१ ने गुणल्यावर संख्यारेषा शून्याभोवती आरशासारखी उलटते आणि −३ हा −५ च्या उजवीकडे येतो: −३ > −५. म्हणून −२क्ष < ६ ची उकल क्ष > −३. नियम घोकण्यापेक्षा एक संख्या घालून पाहणे बरे. चुकून क्ष < −३ लिहिले असेल, तर क्ष = −५ घेताच १० < ६ असे खोटे विधान हाती येते.

चले दोन असली, की संख्यारेषेच्या जागी प्रतल येते. समजा वांगी ४० रुपये किलो, बटाटे ३० रुपये किलो आणि खिशात २४० रुपये. क्ष किलो वांगी आणि य किलो बटाटे घेतले, तर ४०क्ष + ३०य ≤ २४०. आधी ४०क्ष + ३०य = २४० ही रेषा (६, ०) आणि (०, ८) या बिंदूंतून काढायची. पूर्ण पैसे खर्चण्याची मुभा आहे, म्हणून ती अखंड. चिन्ह नुसते < असते, तर तुटक. मग रेषेवर नसलेला एखादा बिंदू घालून पाहायचा. (०, ०) सर्वांत सोयीचा: ० ≤ २४० खरे, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू रंगवायची. वजन ऋण नसते, क्ष ≥ ० आणि य ≥ ०, तेव्हा उरतो तो पहिल्या चरणातला एक काटकोन त्रिकोण. सव्वा किलो वांगीही त्यात बसतात. भाजीऐवजी वह्या आणि पेन याच भावाने घेतले, तर अर्धी वही मिळत नाही. मग त्रिकोण रंगवणे चूक ठरते आणि त्यातले पूर्णांक सहनिर्देशकांचे बिंदूच तेवढे उकल असतात. पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांत हा भेद पुष्कळदा सुटतो.

अशा अनेक अटी एकाच आलेखावर काढल्या, की सगळ्यांना सामाईक असलेला भाग त्यांची एकत्रित उकल असतो. कमाल नफा किंवा किमान खर्च शोधण्याचे लिनिअर प्रोग्रॅमिंग याच भागावर उभे आहे. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत त्या भागाच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात उत्तर गाठते.