म्यू कोलंबी

कपोत तारकासमूहातील निळसर-पांढरा, अंधुक तारा. दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा अंधुक) सुमारे ५.२, वर्णपटीय वर्ग ओ९.५ (ओ हा सर्वांत तप्त ताऱ्यांचा वर्ग). तो मुख्य अनुक्रमात मोडतो, म्हणजे त्याच्या गाभ्यात अजून हायड्रोजनपासून हेलियम बनत आहे. जानेवारीअखेर रात्री नऊच्या सुमारास तो महाराष्ट्रातून दक्षिणेला, मृग आणि शशक यांच्या खाली, क्षितिजापासून चाळीसेक अंश उंचीवर दिसतो. अल्फा कोलंबी हा ठळक तारा सापडला की त्याच्या वर, किंचित डावीकडे, दोन अंशांवर पाहावे. शहरी उजेडात मात्र तो साध्या डोळ्यांना दिसत नाही.

हा अंधुकपणा मुख्यतः अंतरामुळे आहे. तारा हजार प्रकाशवर्षांहून दूर आहे. त्याचे पृष्ठतापमान सुमारे ३३,००० केल्व्हिन (सूर्याचे सुमारे ५,८००), वस्तुमान सूर्याच्या पंधरापटीच्या आसपास आणि तेज सूर्याच्या हजारो पट आहे. त्याच्या प्रारणाचा मोठा भाग जंबुपार असल्याने डोळ्यांना दिसतो तो उरलेला थोडासाच.

अशा ताऱ्याचे आयुष्य फार थोडे. सूर्य मुख्य अनुक्रमात सुमारे १,००० कोटी वर्षे राहील. हा जेमतेम कोटीभर वर्षे. म्हणून ओ वर्गाचे तारे सहसा जन्मस्थानाच्या वायुमेघांजवळच आढळतात. म्यू कोलंबीच्या आसपास मात्र तसा मेघ नाही. मग तो इथे आला कुठून? या ताऱ्याचे खरे महत्त्व या प्रश्नात आहे.

आद्रियान ब्लाउ आणि विल्यम मॉर्गन या खगोलशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये दाखवले की म्यू कोलंबी आणि सारथी समूहातील एई ऑरिगी हे एकाच वर्गाचे दोन तारे मृगातील तेजोमेघाच्या भागातून जवळजवळ विरुद्ध दिशांना, प्रत्येकी सेकंदाला सुमारे १०० किमी वेगाने निघाले आहेत. या वेगाने २५ लाख वर्षांत आठशेहून अधिक प्रकाशवर्षांचा प्रवास होतो. पुढे ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांवरून मागे जाऊन पाहिले, तेव्हा दोघांचे मार्ग २५ लाख वर्षांपूर्वी आयोटा ओरायनिस या जोडताऱ्याच्या मार्गाला मिळाले. दोन जोडतारे, म्हणजे ताऱ्यांच्या दोन जोड्या, एका दाट गुच्छात एकमेकांजवळ आले, त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या झटापटीत दोन तारे बाहेर फेकले गेले आणि उरलेल्या दोघांची नवी जोडी, म्हणजेच आयोटा, जमली, असे मानले जाते. आयोटाची कक्षा अतिशय लंबवर्तुळाकार आहे, हा या तर्काचा भक्कम आधार.

एई ऑरिगी आज वाटेत भेटलेल्या धूळमेघात शिरला आहे. म्यू कोलंबीचा प्रकाश तुलनेने निर्मळ येतो आणि वेगवान परिवलनामुळे त्याच्या स्वतःच्या वर्णरेषा (वर्णपटातील गडद रेषा) रुंदावतात. त्यांवर आंतरतारकीय वायूच्या बारीक रेषा स्पष्ट उमटतात. म्हणूनच कोपर्निकस उपग्रह आणि हबल दुर्बिणीच्या जंबुपार निरीक्षणांतून, आपल्या व ताऱ्याच्या मधल्या विरळ वायूतील मूलद्रव्यांचे प्रमाण ठरवण्यासाठी या ताऱ्याचा उपयोग झाला.