इमारत तपासायची की खाटेवरचा माणूस? वृद्धनिवासांचे निकष कसे घडत गेले

महाराष्ट्रात 'नर्सिंग होम' म्हटले की दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. स्वतःच्या हाताने जेवता-न्हाता येत नाही, अशा वृद्धांनी उरलेले आयुष्य जिथे काढायचे ते ठिकाण म्हणजे नर्सिंग होम. शब्दांचा हा फरक आपल्याला महागात पडला आहे. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम 1949 चा. त्याच्या व्याख्येत आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागा असे म्हटले आहे. ब्रिटनच्या 1927 च्या नोंदणी कायद्यातही हेच तीन शब्द आहेत. आपल्याकडे आजार आणि इजा एवढ्यापुरतीच यंत्रणा उभी राहिली. दुर्बलता कागदावर राहिली आणि अंथरुणाला खिळलेली माणसे 'वृद्धाश्रम' या वेगळ्याच खात्यात गेली.

खाटेवरच्या माणसाची तपासणी कशी करायची, हा प्रश्न अमेरिकेने सर्वांत तपशिलात सोडवायचा प्रयत्न केला. त्यासाठी किंमतही मोठी मोजली, म्हणून तो इतिहास आधी पाहू.

सुरुवात पैशातून झाली. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना मासिक मदत सुरू केली, पण सरकारी अनाथ-पंगूगृहात राहणाऱ्याला ती मिळणार नव्हती. त्या जुन्या, बदनाम गृहांना सरकारी पैसा जाऊ नये हा हेतू. परिणाम असा झाला, की लोकांनी आपल्या मोठ्या घरांतल्या खोल्यांत खाटा टाकल्या आणि खासगी निवास चालू केले. त्यांना परवाना देणारी यंत्रणा प्रत्येक राज्याने उभारावी, ही अट 1950 मध्ये आली. परवान्यात पाहायचे काय? तर दारे, जिने, संडास, स्वयंपाकघर.

तेवढेही नीट पाहिले जात नव्हते. 17 फेब्रुवारी 1957 ला मिझुरीतल्या वॉरंटन गावी एका जुन्या इमारतीतला निवास जळाला. 72 जण गेले. आग विझवणारे फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, तिथे नव्हते. 23 नोव्हेंबर 1963 च्या पहाटे ओहायोतल्या फिचव्हिलमध्ये 63 जण गेले. आदल्याच दिवशी अध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती, त्या बातमीखाली ही बातमी दबून गेली.

ओहायोतल्याच मॅरिएटा इथल्या निवासाची घटना मात्र अभ्यासकांना फार शिकवून गेली. 9 जानेवारी 1970. इमारत नवी, भिंती न जळणाऱ्या. तरी 30 हून अधिक माणसे मेली आणि ती धुराने. आग एका खोलीतल्या कचऱ्याच्या टोपलीत लागली. मार्गिकेत रबरी अस्तराचा गालिचा होता, त्याने पेट घेतला आणि काळा धूर खोल्याखोल्यांत शिरला. भिंतीची जाडी मोजणाऱ्या तपासनिसाच्या यादीत गालिचा नव्हता. पळू न शकणाऱ्या माणसांच्या इमारतीत पहिले काम असते आग लागलेल्या खोलीचे दार लावून घेण्याचे. ते काम रात्रपाळीच्या माणसाने करायचे असते, म्हणून त्या माणसाची संख्या आणि शिकवण हीसुद्धा अग्निसुरक्षाच ठरते.

तरीही सगळ्या निवासांना फवाऱ्यांची सक्ती व्हायला आणखी काही दशके गेली. 2003 मध्ये हार्टफर्ड आणि नॅशव्हिल या दोन शहरांतल्या आगींत मिळून 30 हून अधिक वृद्ध दगावले. त्यानंतर केंद्राने नियम केला आणि जुन्या इमारतींना 13 ऑगस्ट 2013 पर्यंतची मुदत दिली. वॉरंटनपासून मोजली तर 56 वर्षे.

मधल्या काळात 1965 मध्ये मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्यविमा योजना आल्या. निवासांकडे सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला आणि त्याबरोबर केंद्राचे निकषही आले. पण ते पूर्ण करणारे निवास इतके थोडे निघाले, की 'बऱ्याच अंशी पूर्तता' अशी नवी पायरी काढून हजारोंना आत घेतले गेले. हीच सवलत पुढे अंगवळणी पडली. 1974 चे निकषही निवासाची क्षमता तपासणारे होते: लेखी धोरण आहे का, आहारतज्ज्ञाशी करार आहे का, समितीच्या बैठका होतात का. तपासनीस फायली वाचून परत जात आणि शेजारच्या खोलीतल्या आजीची माकडहाडाजवळची जखम कोणी पाहत नसे.

हा गाभ्याचा दोष 1986 मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन' या आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेच्या अहवालाने स्पष्ट शब्दांत मांडला. त्यावरून 22 डिसेंबर 1987 ला जो कायदा झाला, त्याला आमच्या मते या विषयातले खरे वळण म्हणावे लागेल. निवासात आलेल्या प्रत्येकाचे 14 दिवसांत सविस्तर मूल्यमापन, दर तीन महिन्यांनी उजळणी आणि त्यावर बेतलेला त्या एका माणसाचा देखभाल आराखडा. मदतनिसाला किमान 75 तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा. नोंदणीकृत परिचारिका रोज किमान आठ तास, आठवड्याचे सातही दिवस. पूर्वसूचना न देता होणारी तपासणी, दोन तपासण्यांत जास्तीत जास्त 15 महिन्यांचे अंतर. आणि निवासाने उत्तर द्यायचे ते एकाच कसोटीवर: या व्यक्तीला शरीराने आणि मनाने जितके चांगले राहणे शक्य आहे, तितके ती राहते आहे का?

याच कायद्याने बांधून ठेवण्यावर बंदी आणली. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही पट्ट्याने, जाकिटाने वा गुंगीच्या औषधाने जखडता येणार नाही. बांधले की माणूस पडणार नाही, असे तोवर सर्रास मानले जाई. प्रत्यक्षात खुर्चीला बांधलेला वृद्ध हळूहळू खाली घसरतो, पट्टा छातीवर येतो आणि श्वास कोंडतो. खाटेच्या कठड्याचेही तसेच. गादी आणि कठडा यांच्यामधल्या फटीत डोके अडकून मृत्यू झाले, म्हणून 2006 च्या मार्गदर्शक सूचनांत ही फट 120 मिलिमीटरपेक्षा कमी हवी, असे माप दिले गेले. शिवाय बांधलेल्या माणसाच्या पायांतले बळ आठवड्याभरात ओसरते आणि मोकळा केल्यावर तो पडण्याची भीती वाढते.

शय्याव्रणाचा, म्हणजे अंथरुणात पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमेचा, नियमही या बदलातूनच आला. जखम नसलेला माणूस निवासात आला आणि नंतर त्याला जखम झाली, तर ती टाळता येण्यासारखी नव्हती हे निवासाने दाखवायचे. त्यासाठी रोज अंग पुसताना माकडहाड, कमरेची हाडे आणि टाचा पाहाव्या लागतात. लाल डाग बोटाने दाबून पाहायचा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर रक्त फिरते आहे. दाबूनही लालच राहिला तर जखमेची पहिली पायरी चढली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या भागापेक्षा ती जागा गरम किंवा टणक लागते का, हे हाताने चाचपावे लागते. दोन-दोन तासांनी कूस बदलणे हा चालत आलेला ठोकताळा आहे. खरे अंतर माणसागणिक आणि गादीगणिक बदलते. चुकते ते बहुधा वळवताना: दोघींनी चादरीसकट उचलण्याऐवजी एकटी मावशी ओढते आणि घर्षणाने कातडी सोलवटते.

अंघोळीचे पाणी ही आणखी एक किरकोळ वाटणारी बाब. 60 अंश सेल्सिअसच्या पाण्याने पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, 49 अंशांना साधारण पाच मिनिटे लागतात. वृद्धाची कातडी पातळ आणि मधुमेह असेल तर पायांना चटका कळतही नाही. म्हणून अमेरिकी तपासनीस थर्मामीटर घेऊन नळाखाली हात घालतो.

सापडलेल्या दोषांची प्रतवारी 1995 पासून बारा अक्षरांच्या तक्त्यात होते: हानी किती गंभीर याच्या चार पायऱ्या आणि ती किती पसरली याच्या तीन. कल्पना चांगली आहे, पण या सगळ्याला हात किती लागतात तो प्रश्न मागे राहिला. 2001 च्या सरकारी अभ्यासात दर निवाशामागे दिवसाला 4.1 तासांची शुश्रूषा हवी, असे निघाले. 2024 मध्ये नियम आला तो 3.48 तासांचा. तोही 2025 मध्ये न्यायालयाने रद्द केला आणि संसदेने अंमलबजावणी 2034 पर्यंत रोखली. 2017 च्या वादळानंतर फ्लोरिडातल्या एका निवासात वातानुकूलन बंद पडून 12 वृद्ध उष्म्याने गेले. त्यावर मात्र राज्याने लगेच सक्ती केली: वीज गेली तरी 96 तास तापमान 27 अंशांच्या आसपास राखेल इतकी जनरेटरची क्षमता हवी.

आता आपल्याकडे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा केंद्रीय कायदा 2007 चा, महाराष्ट्राचे नियम 2010 चे. कलम 19 मध्ये जिल्ह्यामागे निदान एक वृद्धाश्रम, किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय असलेला, असे म्हटले आहे. केंद्राच्या नमुना नियमांत माणशी शयनकक्षाची जागा 7.5 चौरस मीटर, एकूण वापराची 12 चौरस मीटर, उतार (रॅम्प), कठडे, अपंगांना वापरता येणारे संडास, दूरचित्रवाणी, वर्तमानपत्रे, पुस्तके हे सारे आहे. म्हणजे आपण अजून 1950 च्या दशकातल्या अमेरिकेसारखे भिंती मोजतो आहोत. रात्री किती निवाशांमागे किती मदतनीस, त्यांना शिकवणी किती तासांची, जखमांची नोंद कोणी तपासायची, हे त्यात नाही.

खासगी निवासांची सक्तीची नोंदणी, किमान मानके आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांवर देखरेख यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. स्थायी समितीने 2021 मध्ये अहवालही दिला. पण 17 वी लोकसभा 2024 मध्ये विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप बाद, झाले. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत 2021 मध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची सक्ती झाली, पण ती नोंदणी असलेल्या शुश्रूषागृहांपुरती.

त्यामुळे एकाच इमारतीकडे वेगवेगळी कार्यालये वेगवेगळे पाहतात. न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तालय हिशेब पाहते. 2006 च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. नळी घातलेला, स्वतः कूस न बदलू शकणारा निवासी ठेवून घेतला, तर ती जागा 1949 च्या व्याख्येतली 'दुर्बलता' ठरते का आणि तिची शुश्रूषागृह म्हणून नोंदणी हवी का, हे बहुतेक वेळा ना चालक विचारतो, ना आरोग्य अधिकारी.