माजेंगोच्या ‘त्या’ काहीजणी

पुमवानी-माजेंगो ही नैरोबीतली जुनी, गरीब, दाटीवाटीची वस्ती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे फ्रँक प्लमर नैरोबीत आले ते गुप्तरोगांवर काम करायला. एड्सचा तिथे तेव्हा विचारही नव्हता. वस्तीत देहविक्रय करणाऱ्या बायकांची नियमित तपासणी सुरू झाली. त्या तपासणीला येत राहिल्या याचं मोठं श्रेय एलिझाबेथ न्गुगी या केनियन परिचारिकेला जातं. ‘बराझा’ म्हणजे वस्तीतल्या सभा भरवून तिने या बायकांशी बोलणं सुरू ठेवलं. १९८५ च्या सुमारास एचआयव्हीची चाचणी केली, तर गरीब वस्तीतल्या दर तिघींपैकी जवळपास दोघी बाधित निघाल्या.

खरी गंमत पुढे आहे. नोंदणीच्या वेळी निगेटिव्ह असलेल्या ४२४ जणींपैकी २३९ जणींना १९९४ पर्यंत लागण झाली. पण ४३ जणी तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ निगेटिव्हच राहिल्या. धंदा तोच, गिऱ्हाईकं तीच. किथ फाउक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं, तेव्हा नुसत्या नशिबाने याचा हिशेब लागत नाही हे आकडेमोडीतूनच दिसत होतं.

त्याच वर्षी सीसीआर५ चा शोध गाजला. एचआयव्ही पांढऱ्या पेशीवरच्या सीडी४ या रेणूला चिकटतो, पण आत शिरायला त्याला आणखी एक रेणू लागतो. बहुतेकदा तो सीसीआर५ असतो. ज्यांच्या हा रेणू बनवणाऱ्या जनुकातली डीएनएची ३२ अक्षरं गळालेली असतात आणि तीही आई-वडील दोघांकडून आलेल्या प्रतींत, त्यांना लागण क्वचितच होते. युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण एक टक्का. आफ्रिकी लोकांत हा बदल जवळपास नाहीच, आपल्या भारतातही अगदी दुर्मीळ. म्हणजे जगभर ज्या जनुकाचा गाजावाजा झाला, त्याने माजेंगोचं कोडं सुटत नव्हतं.

मग शोध दुसरीकडे वळला. शरीरात शिरलेल्या विषाणूचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवणारी एचएलए नावाची जनुकं असतात. त्यांची काही ठरावीक रूपं लागण न झालेल्या या बायकांत जास्त आढळली. २००७ मध्ये आयआरएफ-१ या जनुकातले फरक पुढे आले. हे जनुक प्रतिकारशक्तीला कामाला लावतं. पण पेशीत घुसलेला एचआयव्हीही स्वतःच्या प्रती काढायला त्याचाच आधार घेतो. ज्यांच्यात ते जरा मंद चालतं, त्यांना त्याचा फायदा होतो. पुढे असंही दिसलं, की या बायकांच्या प्रतिकारपेशी एकूणच शांत असतात. एचआयव्हीला चेतलेल्या पेशी लागतात, त्या इथे कमी. जोरदार प्रतिकार म्हणजेच संरक्षण, ही आपली समजूत इथे उलटी पडते.

तरीही हे जन्मजात कवच नव्हतं. काही जणींनी धंदा थांबवला किंवा कमी केला, आणि वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहिलेल्या त्याच बायकांना पुढे लागण झाली. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. विषाणूशी वारंवार येणाऱ्या संपर्कामुळेच शरीर तयारीत राहत असावं, असा तर्क त्यातून निघाला. मला या सगळ्या कहाणीतला हाच भाग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो.

मधल्या काळात इतरही जनुकांची नावं गाजली आणि मागे पडली. २००५ मध्ये सीसीएल३एल१ या जनुकाच्या प्रती जास्त असल्या तर धोका कमी, असं म्हटलं गेलं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही. २०१३ मध्ये सहा हजारांहून अधिक बाधितांचा संपूर्ण जनुकसंच चाळून पाहिला, तर लागण होण्या-न होण्याशी ठामपणे जोडता आलं ते पुन्हा सीसीआर५ च. मात्र तो अभ्यास होता युरोपीय वंशाच्या लोकांचा. माजेंगोच्या बायका त्यात नव्हत्याच.