बुडीआधी भराभर श्वास घेऊ नका : दम वाढवण्याविषयी आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या वर्गात एका श्वासावर पाण्याखाली बुडी मारायला शिकवतो. दम म्हणजे श्वास रोखून धरता येईल तेवढा वेळ. नोंदणी करताना जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "माझा दम चार मिनिटांवर जायला किती दिवस लागतील?" बरेच जण घरी थोडाफार सराव करूनच आलेले असतात आणि त्या सरावात एक गोष्ट हटकून असते: श्वास रोखण्याआधी वीस-तीस मोठे, भराभर श्वास. ही एक सवय मोडण्यात आमचे पहिले सत्र जाते, कधी दुसरेही. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे पत्रक. पहिल्या वर्गाला येण्याआधी कृपया वाचा.

भराभर श्वास घेतल्यावर घड्याळात दम खरोखरच वाढलेला दिसतो, म्हणून ही सवय चिकटते. पण शांत बसलेल्या निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९५ ते ९९ टक्क्यांपर्यंत भरलेला असतो. कितीही हवा ओढली तरी त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि श्वास घ्यायची जी तगमग उठते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे उठते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. म्हणजे साठा होता तेवढाच राहिला. तो संपत आल्याची खबर देणाऱ्याला मात्र तुम्ही गप्प केले. तगमग व्हायच्या आतच ऑक्सिजन तळाला जातो आणि शुद्ध हरपते. आधी दुखत नाही, भीतीही वाटत नाही. म्हणून "मला तर काहीच त्रास होत नव्हता" असे कोणी सांगितले की आमची काळजी वाढते.

खोलीमुळे यात आणखी भर पडते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तीस मीटरवर चौपट. त्या दाबाखाली फुप्फुसात उरलेला ऑक्सिजन रक्तात शिरत राहतो, त्यामुळे खाली बरे वाटते. वर येताना शेवटच्या दहा मीटरांत दाब निम्म्यावर येतो आणि ऑक्सिजनचा दाबही त्याच्यासोबत उतरतो. माणूस बेशुद्ध होतो तो बहुतेकदा याच टप्प्यात, नाहीतर डोके पाण्याबाहेर आल्यानंतरच्या काही सेकंदांत. स्पिअरफिशिंग, म्हणजे बुडी मारून भाल्याने मासेमारी, करणाऱ्यांना आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण मासा टप्प्यात येईपर्यंत "अजून थोडं" म्हणत वेळ लांबत जातो. भाला खडकात अडकला तर भाला सोडणारी बंदूक तिथेच सोडा आणि वर या. ती दोरीने फ्लोटला, म्हणजे पाण्यावरच्या तरंगत्या बोयाला, बांधलेली असेल तर हरवत नाही. म्हणूनच आमच्याकडून बंदूक घेणाऱ्याला आम्ही फ्लोट आणि दोरी घ्यायचा आग्रह करतो.

मग बुडीआधी करायचे काय? दोन-तीन मिनिटे पाण्यावर अंग सैल सोडून पडून राहा. श्वास नेहमीच्याच गतीने, पोटातून. शेवटी एक पूर्ण श्वास, आणि खाली. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले किंवा डोके हलके वाटले तर श्वास जास्त झाला आहे. ती बुडी सोडून द्या.

दम वाढतो तो सैल राहण्याने, कमी हालचालीत पाणी कापण्याने आणि कार्बन डायऑक्साइड सोसायची सवय लागल्याने. घरी करण्याजोगा सराव असा: तुमचा सर्वोत्तम दम दोन मिनिटांचा असेल तर एकेक मिनिट आठ वेळा रोखा. मधली विश्रांती दोन मिनिटांपासून सुरू करून दर वेळी १५ सेकंदांनी कमी करत न्या. पोटाला आचके बसू लागतील. ते बसणारच, त्यांच्याशी झगडू नका. हे सगळे कोरड्या जमिनीवर, आडवे पडून. टबमध्ये, तलावात किंवा बादलीत तोंड बुडवून एकट्याने कधीही नाही, "फक्त एक मिनिट"सुद्धा नाही.

क्रोएशियाच्या बुदिमिर शोबात यांचा २०२१ सालचा २४ मिनिटे ३७ सेकंदांचा विक्रम बरेच जण आम्हाला दाखवतात. त्यांनी आधी शुद्ध ऑक्सिजन घेतला होता आणि ते तलावात निश्चल पडून होते. पायांत फिन्स (पोहायचे पंखे) घालून ते मारत खाली जाणाऱ्याने त्या आकड्याशी तुलना करू नये. पहिल्या दोन सत्रांत आम्ही स्टॉपवॉच लावत नाही तेही याचसाठी. काहींना त्यामुळे पैसे वाया गेल्यासारखे वाटते, पण घड्याळ दिसले की अंग आखडते, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

एकट्याची नोंदणी आम्ही घेतो, पण पाण्यात एकट्याला सोडत नाही. जोडीदार मिळेपर्यंत तारीख पुढे जाते आणि त्यावरून नाराजी ऐकावी लागते. ती आम्ही ऐकून घेऊ. एक खाली, एक वर, आणि वरच्याची नजर खालच्यावर. तो वर आल्यानंतरही निदान ३० सेकंद नजर हटवायची नाही. वर येणाऱ्याने सगळी हवा भसकन सोडू नये. थोडी सोडा, झटकन भरून घ्या, क्षणभर धरा. असे तीन-चार वेळा. शुद्ध हरपलीच तर जोडीदाराने चेहरा पाण्याबाहेर धरावा, मास्क काढावा, डोळ्यांखाली फुंकर घालावी, गालावर थोपटत नाव घेऊन "श्वास घे" म्हणावे. तरीही श्वास आला नाही तर तोंडाने श्वास द्यायला लागा. हे वाचून येत नाही, म्हणून दुसरे अख्खे सत्र आम्ही त्यालाच देतो. दोन बुड्यांमधली विश्रांती बुडीच्या निदान दुप्पट हवी.

कमरेच्या वजनपट्ट्यात शिसे इतकेच असावे की श्वास सोडल्यावरही तुम्ही पाण्यावर तरंगाल. पट्टा आमच्याकडचा असो वा नसो, वर्गाच्या दिवशी घेऊन या, वजन तपासून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.

हृदयविकार, फिट किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागेल. जेवून दोन-तीन तास झाल्यावर या. सर्दी असेल तर आदल्या दिवशी कळवा, तारीख बदलून देऊ.