धोरणचर्चा (पुणे)

एखादा सरकारी निर्णय व्हायच्या आधी त्याला पर्याय काय काय आहेत, कशाला किती पैसे लागतील, गैरसोय कुणाची होईल हे नागरिकांनी एकत्र बसून बोलणं म्हणजे धोरणचर्चा. आंदोलन वेगळं, निवेदन वेगळं, आणि कट्ट्यावर चहा पिताना महापालिकेला शिव्या घालणं तर त्याहून वेगळं. पुण्यात या तिन्हींचा सुकाळ आहे, धोरणचर्चा मात्र अधूनमधूनच दिसते.

खरं तर शहराला याची जुनी सवय आहे. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांची कुरकुर होती, त्यातून २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यात पुढे होते. सभासद व्हायचं तर किमान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं, म्हणजे ‘मी लोकांच्या वतीने बोलतोय’ हे नुसतं म्हणून भागत नव्हतं (आज सोसायटीच्या ग्रुपवर हा नियम लावला तर ग्रुप शांत होईल). १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसं पाठवून माहिती जमवली आणि ती सरकारपुढे ठेवली. आधी माहिती, मग मत, असा तो क्रम होता.

आता कायद्याने मिळालेली जागा म्हणजे ‘हरकती व सूचना’. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशाचा, मसुदा जाहीर होतो, लोक लेखी हरकती देतात, नियोजन समिती सुनावणी घेते. गोची अशी की नकाशा तोवर तयार झालेला असतो, त्यामुळे बोलणं ‘माझ्या प्लॉटवरचं आरक्षण (सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणं) काढा’ एवढ्यावरच येतं, शाळा हवी का मैदान का दवाखाना हे कुणी विचारलेलंच नसतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा (नंतर जोडलेली गावं सोडून) २००७ ते २०२७ चा आराखडा २०१३ ला हरकतींसाठी आला, त्यावर हरकतींचा ढीग पडला आणि शासनाची मंजुरी मिळाली २०१७ ला, म्हणजे निम्मा काळ तोवर उलटून गेलेला.

चर्चा चांगली व्हायला फार काही लागत नाही. फूटपाथ रुंद करायचा का पार्किंग ठेवायचं यावर हॉलमध्ये तासभर भांडण्यापेक्षा सकाळी गल्लीत जाऊन खडूने दोन्ही रेषा मारायच्या, एक गाडी उभी करायची आणि कुणाला तरी बाबागाडी घेऊन मधून चालायला सांगायचं. गाडीचा आरसा कुठे येतो ते दिसलं की निम्मा आवाज आपोआप खाली येतो.

पैशांपुरतं पाहिलं तर पुणे महापालिकेने २००६ पासून लोकसहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवायचं. कल्पना छान आहे, पण फॉर्म एकेकट्याने भरायचा असल्यामुळे शेजारच्याशी बोलायची गरजच पडत नाही, आणि मग बाकं, दिवे, ब्लॉक बसवणं हेच परत परत मागितलं जातं. बोलायची जागा खरं तर प्रभाग समिती, म्हणजे आसपासच्या प्रभागांचे प्रश्न बघणारी नगरसेवकांची समिती, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांवरच्या शहरांना ती बंधनकारक केली. पण मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, पुढे बराच काळ प्रशासकच (नगरसेवकांऐवजी कारभार बघणारा सरकारी अधिकारी) होता आणि प्रभाग समितीत निवडून आलेलं कुणीच नव्हतं. फॉर्म मात्र तेव्हाही निघत होते. आपण सुचवलेलं काम मंजूर झालं का हे बघायचं तर बजेटच्या जाडजूड पुस्तकात आपली गल्ली शोधत बसायचं.