मोनेच्या मोतीबिंदूची गोष्ट

रत्नागिरीत चित्रांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला मोतीबिंदू होता, म्हणून त्याच्या चित्रांतल्या जुन्या इमारती धूसर. हे साफ चुकीचं आहे. फ्रान्समधल्या रूआं शहरातल्या जुनाट कॅथेड्रलची तीसहून अधिक चित्रं त्याने १८९२-९३ मध्ये तिथे बसून रंगवली, १८९४ला स्टुडिओत पुरी केली. मोतीबिंदूचं निदान झालं १९१२ला! (उतारवयातल्या लालसर-तपकिरी चित्रांवर त्याचा परिणाम दिसतो, ते मात्र खरं.) कॅथेड्रलवरचं ऊन सरकलं की तो कॅनव्हास बदलायचा. पावसाळ्यानंतर आपल्याकडची शेवाळलेली जांभ्याची भिंत बघा: सकाळी जांभळट, दुपारी विटकरी, दिवेलागणीला जवळजवळ काळी. चिरा तोच. मोने हाच पालट टिपत होता, धडधाकट डोळ्यांनी.